मोबाईलवरून वर्ल्डकॉन: नव्या लेखकाला तिथे नेमकं काय मिळतं?

तुमच्याही फोनच्या नोट्समध्ये एखादी सायन्स फिक्शन कथा पडून आहे का? माझी दोन वर्षं होती. कोणाला दाखवायची, कुठे पाठवायची, काहीच माहीत नव्हतं. म्हणून ऑगस्ट 2024 मध्ये मी ग्लासगोच्या वर्ल्डकॉनला हजेरी लावली. विमानाने नाही हं, पुण्यातल्या खोलीत बसून!

वर्ल्डकॉन म्हणजे काय?

विज्ञानकथा आणि फँटसी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांचं जागतिक संमेलन. पहिलं 1939 मध्ये न्यूयॉर्कला भरलं. शहर बदलत राहतं आणि सगळी व्यवस्था स्वयंसेवक बघतात. प्रसिद्ध ह्यूगो पुरस्कार इथेच दिले जातात. त्यासाठी परीक्षक मंडळ नसतं, सभासद मतदान करतात.

ऑनलाईन जायचं असेल तर

1. त्या वर्षी ऑनलाईन सोय आहे का, ते अधिकृत साईटवर बघा. प्रत्येक वर्षीचे आयोजक वेगळे, त्यामुळे नियमही वेगळे.
2. मतदानाचं सभासदत्व आणि कार्यक्रम बघण्याचं शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पैसे भरण्याआधी नीट वाचा.
3. वेळ तपासा. उन्हाळ्यात ग्लासगो आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तिथले संध्याकाळचे 7 म्हणजे आपले रात्रीचे 11:30.

तिसरा मुद्दा मी अनुभवातून शिकलो. पहिल्या दिवशी तिथल्याच वेळा कॅलेंडरमध्ये टाकल्या. दुपारी दोनला जॉईन झालो तर स्क्रीन रिकामी! खरी चर्चा साडेसहाला सुरू झाली, तेव्हा मी बसमध्ये होतो आणि डेटा संपला होता.

माझा गैरसमज

मला वाटलं होतं, एखादा संपादक भेटेल आणि माझी कथा वाचेल. तसं काही होत नाही. तिथे जायचं ते ऐकायला. लेखनाचा धंदा कसा चालतो, ते मात्र कळायला लागतं. मासिकाचे नियम आधी वाचायचे, शब्दमर्यादा पाळायची, आणि नकार हा रोजचाच भाग समजायचा. आणखी एक: चॅटबॉटकडून कथा लिहून घेऊन पाठवू नका. अशा कथांचा इतका पूर आला की फेब्रुवारी 2023 मध्ये 'क्लार्क्सवर्ल्ड' मासिकाला कथा स्वीकारणं काही काळ बंद ठेवावं लागलं होतं.

मग मराठीचं काय?

हाच प्रश्न मी चॅटमध्ये टाकला होता: इंग्रजीत न लिहिणाऱ्याला इथे जागा आहे का? मेसेज झरझर वर सरकला, कोणी उत्तर दिलं नाही. खरं सांगतो, वाईट वाटलं.

उत्तर नंतर ह्यूगोच्या जुन्या यादीत सापडलं. 2015 ची सर्वोत्कृष्ट कादंबरी होती लिउ त्सिशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'. मूळ चिनी, इंग्रजी अनुवाद केन लिउ यांचा. हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली अनुवादित कादंबरी. पण ती आधी, 2006 मध्ये, एका चिनी मासिकात क्रमशः आली होती. म्हणजे आधी घरचे वाचक, मग जग.

आपल्याकडेही तो रस्ता आहे. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. नावाचा फायदा नको म्हणून टोपणनाव!

मीही मग कथा पूर्ण केली आणि एका दिवाळी अंकाला पाठवली. परत आली. पण दोन वर्षं नोट्समध्ये झोपलेल्या कथेला निदान नकार तरी मिळाला ना! आता शेवट बदलून ती दुसरीकडे पाठवली आहे.

तुमची कुठे अडकली आहे? आज नोट्स उघडा आणि आधी ती पूर्ण करा. वर्ल्डकॉन पुढच्या वर्षीही आहेच.