कर्दळ फुलायची थांबली तर काय करायचं?

आजचा भाग आमच्या मोरीमागच्या कर्दळीवर. आजीनं लावलेलं बेट आहे हे. मोरीचं पाणी तिकडेच जातं, त्यामुळे तिला कुणी मुद्दाम पाणी घातलेलं मला तरी आठवत नाही. पण दोन वर्षं झाली, नुसती पानंच पानं! काका म्हणाले, "उपटून टाकू, फरशी घालू." आजी काहीच बोलली नाही. ती गप्प बसली की आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

मग मेच्या शेवटी मी पहार घेतली. आत बघतो तर गड्ड्यांवर गड्डे. मधले जुने, कुजकट. जिवंत कोंब सगळे कडेला.

कर्दळीचा गड्डा म्हणजे मूळ नाही बरं का, ते जमिनीखाली आडवं वाढणारं खोड आहे. ते बाहेर बाहेर सरकतं आणि मध्ये दाटी होते. म्हणून तीन-चार वर्षांनी बेट फोडायचं. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन कोंब ठेवा, 10 सेंटीमीटर खोल लावा, दोन तुकड्यांत दीड फूट सोडा. शेणखत भरपूर. आणि ऊन! किमान सहा तास. आमच्या बेटावर आंब्याची सावली आली होती, तेही एक कारण होतंच. गॅलरीत लावणार असाल तर कुंडी मोठी घ्या, 14-16 इंची.

एका दांड्याची सगळी फुलं संपली की तो बुडापासून कापा. तो पुन्हा फुलत नाही, उगाच जागा अडवतो.

एक गंमत सांगतो. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ते खरं तर रुंद झालेले पुंकेसर असतात. खऱ्या पाकळ्या खाली, बारक्या. आणि शास्त्रीय नावात 'इंडिका' असलं तरी हिचं मूळ गाव अमेरिका खंडात!

आता महत्त्वाचं. पानांवर पिवळे पट्टे, ठिपके दिसले आणि नवीन पानंही तशीच यायला लागली, तर तो विषाणू असू शकतो. त्यावर औषध नाही. असं बेट फोडून कुणालाही देऊ नका, गड्ड्यातून रोग जातो. पूर्ण काढून टाका, हत्यारं धुवा. पानं नुसती गुंडाळलेली असतील तर मात्र घाबरू नका, आत अळी असते. उलगडा आणि काढा.

आमचं बेट निरोगी निघालं. ऑगस्टमध्ये पहिला लाल तुरा आला. त्याच्या आधीच आजीनं शेजारच्या काकूंना चार गड्डे देऊन टाकले होते, मला न विचारता.