मावशींची पावती

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी यंदा लेकीच्या कॉलेजसाठी मोबाइल घेतला. पै-पैसा साठवून घेतलेली वस्तू! पेढ्याबरोबर त्यांनी पावतीही पुढे केली. “ताई, अकरा हजार आठशे मोजले, पण हे नऊशे-नऊशे दोनदा कशाचे?”

प्रश्न साधा; पण उत्तर देता देता माझा चहा निवला.

फोनची मूळ किंमत १०,००० रुपये. त्यावर ९ टक्के कर केंद्राचा, ९ टक्के राज्याचा. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा मोबाइलवर तो एकूण १२ टक्के होता. १४ मार्च २०२० रोजी जीएसटी परिषदेने तो १८ केला आणि १ एप्रिलपासून अंमल सुरू झाला. योगायोग पाहा! २५ मार्चपासून सारा देश घरात कोंडला गेला होता. शाळेचा वर्ग फोनमध्ये भरू लागला, आणि नेमका तेव्हाच १०,००० चा फोन ६०० रुपयांनी महागला.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. फोनच्या अनेक सुट्या भागांवर १८ टक्के कर, तयार फोनवर मात्र १२. त्यामुळे कारखानदाराने आधी भरलेला कर पुरता वळता होईना. त्याची रक्कम सरकारकडे अडकून पडे. ही तफावत मिटवायला भागांवरचा कर उतरवता आला असता. परिषदेने फोनवरचा चढवला.

शिवाय हा कर दिसतो सारखा, पण बसतो वेगवेगळा. नोंदणी केलेला व्यापारी धंद्यासाठी फोन घेतो, तेव्हा भरलेला कर तो आपल्या देण्यातून वजा करू शकतो. मावशींनी तो कुठून वजा करायचा?

इतर देशांनी काय केले? केनियाने २००९ मध्ये मोबाइलवरचा १६ टक्के कर माफ केला, विक्री वाढली. २०१३ मध्ये तिजोरीच्या गरजेपोटी तो पुन्हा लावला. दक्षिण आफ्रिकेने मधला मार्ग काढला. १ एप्रिल २०२५ पासून २,५०० रँडहून स्वस्त स्मार्टफोनवरचे ९ टक्के अबकारी शुल्क तेवढे रद्द केले. महाग फोनवरचे कायम!

आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ रोजी कराचे दर उतरले. मोठा टीव्ही आणि एअर कंडिशनर २८ टक्क्यांवरून १८ वर आले. मोबाइल होता तिथेच राहिला. म्हणजे दिवाणखान्यातला गारवा आणि मावशींच्या लेकीचा अभ्यास आता एकाच पंक्तीला!

सगळ्याच फोनांना सवलत द्या, असे कोण म्हणतो? पण ठरावीक किमतीखालच्या फोनला ५ टक्के लावले आणि कारखानदाराची अडकलेली रक्कम वेळेवर परत केली, तर अशा फोनमागे १,३०० रुपये वाचतील. तिजोरीला थोडी झळ लागेल, हे खरेच. पण आज फीचा अर्ज, शिष्यवृत्ती, नोकरीची जाहिरात सारे त्या चिमुकल्या पेटीत आहे.

मावशींनी सगळे ऐकून पावतीची घडी घातली. म्हणाल्या, “तेराशे? पोरीचा वर्षाचा पास निघाला असता की हो!”