खिम्याचे गोळे बांधा जवसाने!

प्रतिनिधी

वाशीम - घरात कुणाला मधुमेह असल्याचे निदान झाले, की रविवारच्या मांसाहाराच्या बेतावर प्रथम गदा येते. वस्तुतः मांसात कर्बोदके जवळजवळ नसतातच. ती येतात गोळे बांधण्यासाठी घातलेल्या ब्रेडमधून वा डाळव्याच्या पिठातून आणि सोबतच्या भाकरी-भातातून. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. हे लक्षात घेता गोळ्यांची कृती थोडी बदलणे अगत्याचे ठरते.

१०० ग्रॅम ब्रेडमध्ये कर्बोदके सुमारे ५० ग्रॅम असतात. वऱ्हाडात चटणीसाठी घरोघरी असणाऱ्या जवसात ती सुमारे २९ ग्रॅम असली, तरी त्यातील बहुतांश भाग न पचणाऱ्या तंतूंचा असतो. शिवाय जवसाची पूड पाणी शोषून चिकट होते. त्यामुळे गोळा बांधलाही जातो आणि त्यातील ओलावाही टिकतो.

अर्धा किलो खिम्याला एक अंडे, जवसाची तीन चमचे पूड, बारीक चिरून पिळून घेतलेला एक कांदा, आले-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, गरम मसाला व मीठ पुरेसे होते. प्रथम खिम्यात केवळ मीठ घालून चार-पाच मिनिटे मळावे. मिठामुळे मांसातील प्रथिने सुटून चिकटपणा येतो. गोळे न फुटण्याचे खरे कारण हेच. नंतर उर्वरित जिन्नस मिसळून दहा मिनिटे झाकून ठेवावे व लिंबाएवढे १६ गोळे वळावेत.

२०० अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओव्हनमध्ये ते साधारण २० मिनिटांत भाजले जातात. ओव्हन नसल्यास जाड कढईत मीठ पसरून त्यावर तिवई ठेवावी, झाकण लावून दहा मिनिटे तापवावे आणि ताटलीत मांडलेले गोळे आत ठेवावेत. यास अर्धा तास वा थोडा अधिक वेळ लागतो.

खिमा करताना मांसाच्या पृष्ठभागावरील जंतू आतपर्यंत मिसळतात. म्हणून गोळ्याच्या मध्यभागी तापमान ७१ अंशांपर्यंत, तर कोंबडीच्या खिम्यात ७४ अंशांपर्यंत पोहोचणे आवश्यक असते. केवळ रंगावरून अंदाज चुकू शकतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर नसेल, तर पाच मिनिटे अधिक भाजणे इष्ट.

या मापाने एका गोळ्यातून शरीराला मिळणारी कर्बोदके एका ग्रॅमहून कमी भरतात. ब्रेडच्या चार कापा घातल्या असत्या, तर प्रत्येक गोळ्यामागे तीन ग्रॅमची भर पडली असती. मात्र ५० ग्रॅम पिठाच्या एकाच ज्वारीच्या भाकरीत सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदके असतात. गोळ्यांत वाचवलेले सोबतच्या दुसऱ्या भाकरीत गमावले, तर हा खटाटोप व्यर्थच! मेथी वा पालकाची भाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर आणि एकच भाकरी, असा बेत अधिक हितकारक.

इन्सुलिन वा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र भाकरी-भात एकाएकी बंद करू नये. औषधाची मात्रा तीच राहिल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना प्रथिनांवर मर्यादा असते. अशा रुग्णांनी आहारबदलापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.