उरलेले तेवीस तास

पहाटे ५.३०

डोंबिवली पूर्वेच्या ह. भ. प. सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुलात या वेळेला चांगली वर्दळ असते. हात झुलवत चालणाऱ्या काकू, फेऱ्या मोजणारे निवृत्त बँकवाले, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं, आणि पावसाळा तोंडावर आला की ठाणे महापालिकेच्या वर्षा मॅरेथॉनचं मनावर घेतलेले नवे धावपटू. मी येते ती चालायला, पण फिजिओथेरपिस्टची नजर लोकांच्या चालीवर जातेच. कुणाचा डावा पाय टेकला की दर पावलाला उजवीकडची कंबर खाली झुकत असेल, तर डाव्या खुब्याच्या बाहेरचा, कंबर तोलून धरणारा स्नायू कमी पडतो आहे. फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदाने १८९५ साली ही खूण लिहून ठेवली. तिला यंत्र लागत नाही. मैदानाच्या कडेला उभं राहूनही ती दिसते.

"मॅडम, पळताना खुबा धरतोय."

"एका बोटाने दाखव, कुठे."

माझी पहिली मागणी नेहमी हीच असते. लोक कमरेवर सगळा पंजा ठेवतात आणि 'इथे सगळं' म्हणतात. एक बोट ठेवायला लावलं की अर्धं निदान तिथेच होतं. जांघेत बोट गेलं तर शंका सांध्यावर. मागे, नितंबात गेलं तर पाठीचा मणकाही तपासायचा. बाहेरच्या बाजूला, मांडीच्या हाडाचा उंचवटा हाताला लागतो तिथे ठेवलं, तर बहुतेक वेळा दुखणं स्नायू जिथे हाडाला चिकटतो त्या कंडरेचं असतं. या मुलीने बाहेर बोट ठेवलं. धावणं वाढवलंस का, असं विचारल्यावर सगळं बाहेर आलं. एकदम दुप्पट अंतर, शिवाय रविवारी उपवनकडून येऊरचा चढ, आणि उतरताना लांब ढांगा टाकत पळणं.

"मग महिनाभर बंद करू?"

सगळे हेच विचारतात आणि अनेकांना सल्लाही हाच मिळतो. मला तो पटत नाही. पूर्ण विश्रांतीत दुखणं शमतं, पण कंडरा आणखी नाजूक होते. परत धावायला लागलं की तेच दुखणं हजर. तिला मी सांगितलं, येऊर काही आठवडे नको, अंतर निम्म्यावर आण, पावलं आखूड आणि थोडी जलद टाक. मिनिटाला पावलांची संख्या पाच-दहा टक्क्यांनी वाढवली तरी खुब्यावरचा भार कमी होतो. आणि एक नियम पाळ. शून्य ते दहाच्या मोजमापात दुखणं तीन-चारच्या आत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्ववत झालं, तर तेवढा व्यायाम सोसतो आहे. सकाळी जास्त ठणकलं, तर आदल्या दिवशीचा भार जास्त होता.

सकाळी ८.४०

डोंबिवली स्टेशनचा पूल. मला ठाण्याला जायचं असतं, एका रुग्णालयाच्या ओपीडीत. पुलाच्या पायऱ्या चढताना मला दर वेळी बर्लिनच्या संशोधकांचे आकडे आठवतात. बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम खुब्यांच्या आतच भार मोजणारी उपकरणं बसवली आणि चालत्या-फिरत्या रुग्णांच्या सांध्यावर किती वजन येतं ते मोजलं. त्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. साधं चालतानाही शरीराच्या वजनाच्या जवळजवळ अडीच पट, पायऱ्या चढता-उतरताना त्याहून थोडं जास्त. पासष्ट किलोच्या बाईच्या खुब्यावर दर पावलाला दीडशे किलोहून अधिक. निरोगी सांधा हे आयुष्यभर सोसतो. त्याची घडणच तशी असते. पण कंडरा आधीच चिडलेली असेल, तर हा पूल, गाडी पकडताना मारलेली धाव आणि त्यानंतरचं उभं राहणं, सगळं तिच्या खात्यात जमा होतं.

उभं राहणं तर बघण्यासारखं. लेडीज डब्यात सगळा भार एका पायावर, कंबर एका बाजूला काढलेली, खांद्यावर पर्स. अशा वेळी त्या बाजूची कंडरा हाडाच्या उंचवट्यावर ताणून दाबली जाते. ज्यांना बसायला मिळतं त्यांचीही सुटका नाही. चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकाच्या कडेला, एका नितंबाच्या आधाराने अर्धं बसायचं, एक पाय वाटेत रोवायचा, आणि सीएसएमटीपर्यंत तसंच. मुंबईहून डोंबिवली ४८ किलोमीटर, कल्याण त्याच्याही पुढे. परतीला पुन्हा तेच. आपल्याकडचं खुब्याचं दुखणं परदेशी पुस्तकांतल्या तक्त्यांत पुरतं बसत नाही ते यामुळे. त्यांत चौथी सीट नाही.

सकाळी १०.००

ओपीडीतल्या आजच्या पहिल्या ताई पन्नाशीच्या. सकाळी मासुंदा तलावाभोवती चालतात, आठवड्यातून तीनदा योगासनांच्या वर्गाला जातात. दोन महिन्यांपासून चालताना बाहेरच्या बाजूला दुखतं आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. एका पायावर उभं राहायला सांगितलं. तीस सेकंद पुरी होण्याआधीच त्यांनी भिंत धरली.

"मी स्ट्रेचिंग वाढवलंय मॅडम. गुडघा छातीशी आणून पलीकडे ओढते. बरं वाटतं तेवढ्यापुरतं."

तेवढ्यापुरतंच. पाय शरीराच्या मध्यरेषेपलीकडे ओढला की कंडरा हाडावर दाबली जाते, आणि या दुखण्यात तिला नेमकं तेच सोसत नाही. दुखतं ते आखडलंय, म्हणून ताणायचं, हा समज वर्गावर्गांत इतका पक्का आहे की तो मोडण्यातच माझा निम्मा वेळ जातो. ऑस्ट्रेलियातल्या २०४ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१८ साली 'बीएमजे'मध्ये छापून आली. एका गटाला दुखण्याची नीट माहिती आणि व्यायाम, दुसऱ्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन, तिसऱ्याला नुसती वाट बघायला सांगितलं. आठ आठवड्यांनी बरं वाटतंय म्हणणारे पहिल्या गटात ७७ टक्के, दुसऱ्यात ५८, तिसऱ्यात २९. मी रुग्णांना हे आकडे सांगते, कारण 'नुसत्या व्यायामाने काय होणार' या प्रश्नाला माझ्या मतापेक्षा ते चांगलं उत्तर आहे. त्या पहिल्या गटातली 'माहिती' म्हणजे उभं कसं राहायचं, बसायचं कसं, झोपायचं कसं. म्हणजे व्यायामाचा एक तास सोडून उरलेले तेवीस तास.

म्हणून मी ताईंना दिवस विचारला. भाजी चिरताना ओट्याला कंबर टेकवून, एका पायावर. टीव्हीसमोर पायावर पाय टाकून. ऑफिस घाटकोपरला, जाताना चौथी सीट. त्यांनी सांगितलं तेवढं मी लिहून घेतलं आणि बदलायच्या गोष्टी त्याच कागदावर लिहून दिल्या. गाडीत दोन्ही पायांवर, पाय थोडे फाकवून उभं राहायचं. चौथ्या सीटपेक्षा थोडा वेळ असं उभं राहणं बरं. ओढायचे ताण बंद. मासुंद्याची फेरी चालू, पण आधी छोटी. व्यायामात सुरुवातीला भिंतीशी उभं राहून पायाची बाहेरची कड भिंतीवर दाबून धरायची, पाय न हलवता. मग पाठीवर झोपून कंबर उचलणं. ते सोसलं की पायरीवर एका पायाने चढणं. तीन महिने धरून चाला, असंही आधीच सांगितलं. आठवड्याभराचं आश्वासन देऊन तिसऱ्या आठवड्यात निराश करणं मला क्रूर वाटतं.

सकाळी ११.३०

जिममध्ये जाणारा तरुण. दुखतं कुठे विचारलं, तर अंगठा मागे आणि बोटं जांघेकडे करून त्याने खुबा पंजात धरला. दुखणं सांध्याच्या आत खोलवर असलं की माणसं आपोआप असा हात ठेवतात. खोल बैठक मारताना जांघेत चिमटा बसतो, गाडीत फार वेळ बसलं की अवघडतं. खुबा हा उखळीचा सांधा. काहींच्या हाडाची गोळी पुरती गोल नसते किंवा उखळीची कड जास्त पुढे आलेली असते, आणि खोल वाकताना हाड हाडाला भिडतं. स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातल्या राइनहोल्ड गांत्स यांनी २००३ मध्ये हे सविस्तर मांडलं. अशी ठेवण असलेल्या पुष्कळांना आयुष्यभर काही दुखत नाही, हेही खरं. त्याला म्हटलं, बैठक मांडी जमिनीला समांतर होण्याच्या आतच थांबव, पाय थोडे फाकव, वजन उतरव. प्रशिक्षक 'अजून खाली' म्हणाला तर नाही म्हण.

दुपारी १२.३०

आजचा हा रुग्ण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वय चाळिशीच्या आत, दुखणं जांघेत. सूर्यनमस्कार घालताना सुरू झालं, आता रात्री पडल्या पडल्याही ठणकतं. पाय आतल्या बाजूला फिरवायला गेले तर त्याने माझा हात धरला. मांडी घालून बसता येत नाही. मध्यंतरी आजारपणात काही आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या. एक्स-रेत काही दिसलं नाही, म्हणून कुणीतरी व्यायाम वाढवायला सांगून त्याला पाठवलेलं.

अशा वेळी मी एकही व्यायाम शिकवत नाही. चिठ्ठी लिहिते अस्थिरोगतज्ज्ञांना, एमआरआयसाठी. खुब्याच्या गोळीचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू लागण्याचा आजार असतो, आपल्याकडे तो 'एव्हीएन' म्हणून ओळखला जातो. सुरुवातीला एक्स-रे साफ असू शकतो. एमआरआयत तो लवकर दिसतो. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये कोविडनंतर असा आजार झालेल्या तीन रुग्णांची नोंद केली. तिघेही चाळिशीच्या आतले, तिघांनाही कोविडच्या उपचारात स्टेरॉइड दिलेलं. सरासरी मात्रा प्रेडनिसोलोनची ७५८ मिलिग्रॅम, आणि कोविडचं निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत दुखणं सुरू. एरवी स्टेरॉइडनंतर या आजाराला सहा महिने ते वर्ष लागतं असं धरलं जायचं. कोविडच्या काळात स्टेरॉइडने कितीतरी जीव वाचवले, त्याबद्दल वाद नाही. पण तेव्हापासून जांघेत दुखतं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, स्टेरॉइड घेतलं होतंत का, दारू किती, सिकलसेल आहे का. लवकर कळलं तर गोळी खचण्याआधी काहीतरी करता येतं. त्या काळात उड्या आणि बैठका चालू राहिल्या तर ती संधी जाते.

व्यायाम थांबवायला लावणारी आणखी काही कारणं आहेत. पाय टेकवतच नाही, ताप आहे, पडल्यानंतर दुखू लागलंय, वजन विनाकारण घटतंय, किंवा धावणाऱ्याच्या जांघेत प्रत्येक पावलाला वाढत जाणारी कळ येते. शेवटच्या कारणात मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक चीर गेलेली असू शकते. ती सोसत धावलं तर हाड पूर्ण मोडतं.

दुपारी २.००

डबा. पोळी-भाजी, ताक. चिठ्ठ्यांची कामं.

संध्याकाळी ५.३०

डोंबिवलीत माझं छोटं क्लिनिक. पहिल्या येतात फडके रोडजवळच्या आजी, वय पंचाहत्तरीच्या पुढे, दोन्ही खुब्यांत झीज. डावा जास्त. त्यांच्या रिपोर्टवर 'झीज' हा शब्द वाचून मुलाने त्यांचं चालणंच बंद केलं होतं. सांध्याच्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण हालचालीतूनच होतं. आजींना बसवून ठेवलं तर झीज थांबणार नाही आणि मांड्यांची ताकद मात्र जाईल.

"काठी कुठल्या हातात धरता आजी?"

"अगं, दुखतं त्याच बाजूला. डावीकडे."

जवळजवळ सगळेच असं धरतात. मी काठी त्यांच्या उजव्या हातात दिली. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातातली काठी त्या पायाबरोबर पुढे टेकली की कंबर तोलणाऱ्या स्नायूचं काम हलकं होतं आणि सांध्यावरचा भार खरोखर उतरतो. दोन फेऱ्यांत त्यांना चाल साधली. मग खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पाच वेळा. गणपतीच्या देवळात खाली मांडी घालून बसायचा त्यांचा आग्रह होता. मी म्हटलं, पायरीवर बसा, देव तिथूनही दिसतो. त्या हसल्या, पण मान्य केलं.

रात्री ८.००

कल्याणहून, मुलुंडहून, बीकेसीहून परतलेले लोक थेट स्टेशनवरून येतात. पायांत बूट, पाठीला सॅक. या तासात मी नवं फारसं शिकवत नाही, आधीचं तपासते. किती जमलं, आज सकाळी दुखण्याचा आकडा किती होता. रबरी पट्टा गुडघ्यांभोवती लावून बाजूला पावलं टाकणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. पाय उचलताना कंबर मागे लवंडली तर भलताच स्नायू काम करतो, म्हणून मी तिथे हात धरून उभी राहते. हे फोनवरच्या व्हिडिओत कळत नाही. थकून आलेल्या माणसाकडून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त व्यायामाची अपेक्षा ठेवू नये, असं माझं मत झालंय. कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्यांना तर दहाच देते, आठवड्यातून तीनदा. केलेली दहा मिनिटं राहून गेलेल्या तासापेक्षा उपयोगाची.

रात्री १०.१५

फोनवर निरोप. सकाळच्या धावणाऱ्या मुलीचा, आज ऑफिसात पायावर पाय किती वेळा टाकला ते मोजलं म्हणून. ओपीडीतल्या ताईंचा, "कुठल्या कुशीवर झोपू?" त्यांना लिहिलं: न दुखणारी बाजू खाली, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. अशी की वरचा पाय पुढे गादीवर पडणार नाही. एक उशी पातळ पडली तर दोन. गादी फार कडक असेल तर वर गोधडी घडी करून टाका. आणि सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं टाकून आकडा लिहा, चहाच्या आधी.