घटस्फोट आणि निम्म्या वाट्याचा समज

घटस्फोट झाला की नवऱ्याची निम्मी मालमत्ता बायकोला मिळते, हा समज बुलढाणा जिल्ह्यात चिखलीपासून मलकापूरपर्यंत ऐकू येतो. तो अगदीच निराधार नाही. गोव्यात वेगळा करार नसेल, तर जोडप्याची मालमत्ता सामाईक धरून निम्मी वाटतात. महाराष्ट्रात तसा नियम नाही.

इथे लग्नामुळे मालकी बदलत नाही. एका विहिरीवर भिजणाऱ्या दोन शेतांसारखं हे आहे: पाणी सामाईक, सातबारे वेगळे. बायकोने वर्षानुवर्षं शेतात राबूनही तिचं नाव कागदावर नसेल, तर त्या कष्टांचा आपोआप हिस्सा होत नाही. ही कायद्यातली मोठी उणीव आहे.

स्त्रीधन (स्त्रीला भेट मिळालेले दागिने, पैसे, वस्तू) मात्र पूर्णपणे तिचंच, सासरच्या कपाटात असलं तरी. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात हे स्पष्ट केलं. शिवाय हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २५ खाली न्यायालय कायम पोटगी ठरवू शकतं आणि तिच्या हमीसाठी नवऱ्याच्या जमिनीवर बोजा (मालमत्तेवरचा कायदेशीर हक्क) चढवू शकतं.

कर्जाचं गणित सहीवर चालतं. नवऱ्याने एकट्याने काढलेलं पीककर्ज बायकोच्या माथी येत नाही. पण सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तिची सही असेल, तर घटस्फोटानंतरही बँक तिच्याकडे वसुली मागू शकते. ‘हप्ते तो भरेल’ असं दोघांनी आपसात लिहून घेतलं, तरी बँकेवर ते बंधनकारक नसतं. नाव काढायला बँकेचीच लेखी संमती लागते.