सूचना विद्यार्थ्यापर्यंत पोहोचावी कशी?

आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. ते आहे छत्रपती संभाजीनगरात. बीडहून सुमारे १३० किलोमीटर. हे अंतर आज व्हॉट्सॲप क्षणात कापते. परंतु सूचना पोहोचणे आणि ती समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. गतवर्षी मीही आईवडिलांसोबत कोपीवर होतो. परीक्षा अर्जाची सूचना आली ती परिपत्रकाच्या अंधुक छायाचित्रात. अखेरची तारीख वाचताच आली नाही. विलंबशुल्कापायी आईची मजुरी गेली.

मग सूचना कशी असावी? एका संदेशात एकच विषय असावा. पहिल्या ओळीत वर्ग व अखेरची तारीख, दुसरीत शुल्क, तिसरीत विद्यापीठाच्या संकेतस्थळाचा दुवा. छायाचित्राऐवजी टंकलेला मजकूर द्यावा. तो रेंज कमी असली तरी येतो आणि मागाहून शोधताही येतो. निरक्षर पालकांसाठी तोच मजकूर आवाजातही द्यावा.

समूहात कमाल १०२४ सदस्य मावतात आणि प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो. मुलींना ते अडचणीचे होते. २०२३ साली आलेल्या 'चॅनल'मध्ये सदस्यांचे क्रमांक परस्परांना दिसत नाहीत. सूचनांसाठी तेच योग्य. शंकांसाठी मात्र वर्गाचा छोटा समूह हवाच.

फलकावरचा कागद फलकापाशी आलेल्यालाच भेटतो. जो येऊ शकत नाही, त्याच्यासाठीच तर सूचना अधिक नीट लिहायची असते.