भांग, विजया आणि कॅनाबिडिऑल : ‘प्रमाण’ या शब्दाचे दोन अर्थ

लखनौच्या मानक नगर भागात रेल्वेची अनुसंधान, अभिकल्प व मानक संघटना आहे. रेल्वेच्या सामग्रीने कोणत्या कसोट्यांना उतरावे याचे दंडक तेथे सिद्ध होतात. हिंदीतील ‘मानक’ या शब्दाच्या जागी मराठीत बहुधा ‘प्रमाण’ हा शब्द येतो. प्रमाणभाषा, प्रमाणवेळ ही त्याची परिचित उदाहरणे. मात्र मराठी ‘प्रमाण’ एवढ्यावरच थांबत नाही. प्रमाण म्हणजे पुरावा, आणि प्रमाण म्हणजे मात्राही. याच शहरात, उत्तर प्रदेशात अन्यत्र विकली जाते त्याप्रमाणे, अबकारी खात्याच्या परवान्याने भांग विकली जाते. तो परवाना विक्रीचा असतो. पानातील कोणते द्रव्य किती, याची ग्वाही तो देत नाही. भांगेच्या झाडातील कॅनाबिडिऑल या द्रव्याच्या आरोग्यगुणांची चर्चा आज जगभर चालू आहे, आणि भारतात ‘विजया’ या नावाने विकल्या जाणाऱ्या तेलांना प्राचीन परंपरेचा आधार दिला जातो. त्या आधाराची परीक्षा ही केवळ वैद्यकाची बाब नव्हे. तिचा पहिला टप्पा शब्दांचाच आहे.

‘भङ्ग’ हा शब्द अथर्ववेदात येतो. तेथे सोम ज्यांचा राजा आहे अशा वनस्पतींच्या मालिकेत त्याचा उल्लेख असून संकटातून मुक्त करण्याची प्रार्थना आहे. त्या उल्लेखावरून कोणत्याही रोगावरील उपचार सिद्ध होत नाही. पाणिनी भङ्गेच्या शेताला काय म्हणावे याचा नियम तीळ आणि उडीद यांच्या सोबतीने सांगतो. म्हणजे त्याच्यापुढे आहे ते एक शेतातले पीक. औषध म्हणून या वनस्पतीचे निःसंदिग्ध उल्लेख संस्कृत वैद्यक ग्रंथांत इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतात. शार्ङ्गधरसंहितेत भांग अफूच्या जोडीने येते, तर सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तिचे गुण व्यवस्थित नोंदलेले आहेत : ती पाचक आहे, ग्राही आहे, उष्ण आहे आणि मोह व मद वाढविणारी आहे. येथे एक अडचण लक्षात घ्यावयास हवी. हाच भावप्रकाश ‘विजया’ हे नाव भांगेलाही देतो आणि हिरड्याच्या एका जातीलाही देतो. साहजिकच एखाद्या जुन्या योगात ‘विजया’ दिसली की ती भांगच, असे मानणे संदर्भ पाहिल्यावाचून योग्य ठरत नाही.

मराठीतही हा शब्द एकट्याने उभा राहत नाही. केसांचा भांग वेगळा, कोकणच्या किनाऱ्यावर उधाणाच्या उलट असणारी भांगाची भरती वेगळी आणि घोटून प्यावयाची भांग वेगळी. ‘तुळशीत भांग’ या म्हणीने तर या वनस्पतीला कुलीनांच्या अंगणातली अकुलीन ठरवून टाकले आहे. एका टोकाला ही निंदा आणि दुसऱ्या टोकाला ‘विजया’ या नावाचा गौरव; दोहोंपैकी कशानेही द्रव्याचा गुण कळत नाही.

आधुनिक वैद्यकात या वनस्पतीचा प्रवेश भारतातूनच झाला. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत सुमारे चाळीस दिवसांच्या एका अर्भकाची हकीकत आहे. त्याला वारंवार आकडी येत असे. गांजाच्या अर्काचे थेंब दिल्यावर झटके थांबले, पुन्हा उलटले, मात्रा वाढवीत न्यावी लागली आणि शेवटी मूल बरे झाले. ही हकीकत आज पुष्कळदा उद्धृत होते. पण तिच्यातील थेंबांचा हिशेब क्वचितच वाचला जातो. अर्कात कोणते द्रव्य किती आहे हे त्या काळी कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते. एकाच नावाचा अर्क एकदा निष्फळ तर एकदा अतिरेकी ठरे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांच्या औषधसंहितांतून ही वनस्पती वगळली गेली, त्यामागे निर्बंधांइतकेच या अनिश्चिततेचेही कारण होते.

ही अनिश्चितता रसायनशास्त्राने दूर केली. १९४० मध्ये रॉजर ॲडम्स यांनी कॅनाबिडिऑल वेगळे केले. १९६३ मध्ये राफाएल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याची रचना निश्चित केली, आणि पुढच्याच वर्षी टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल या नशा आणणाऱ्या घटकाची रचना उलगडली. एका वनस्पतीत दोन भिन्न स्वभावांची द्रव्ये आहेत हे तेव्हा स्पष्ट झाले. नशा आणणारे द्रव्य मेंदूतील ज्या ग्राहींना जाऊन चिकटते, त्यांना कॅनाबिडिऑल फारसे चिकटत नाही. म्हणून त्याने नशा येत नाही. दोहोंचे परस्परप्रमाण मात्र वाणानुसार फार बदलते. गांजा पिकविणारा शेतकरी नर झाडे उपटून टाकी, ते मादी फुलोऱ्यात राळ वाढावी म्हणून. त्याची निवड नशेसाठी होती, कॅनाबिडिऑलसाठी नव्हे.

पुरावा कोठे भक्कम आहे? तो मुख्यतः अपस्माराच्या काही दुर्धर प्रकारांत आहे. १९८० मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या एका छोट्या चाचणीत कॅनाबिडिऑल घेणाऱ्या ८ रुग्णांपैकी ४ जण झटक्यांपासून जवळजवळ मुक्त झाले. २०१७ मध्ये ड्राव्हे लक्षणसमूहाच्या १२० मुलांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्या गटात दरमहा झटक्यांची मध्यक संख्या १२.४ वरून ५.९ वर आली. निरौषध द्रावण घेणाऱ्या गटात ती १४.९ वरून १४.१ एवढीच उतरली. रोज शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे २० मिलिग्रॅम ही मात्रा होती. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वनस्पतीपासून शुद्ध केलेल्या कॅनाबिडिऑलला, एपिडायोलेक्स या नावाने, ड्राव्हे व लेनॉक्स-गॅस्टो या दोन विकारांसाठी मान्यता दिली. २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिसमधील झटक्यांसाठीही ती मिळाली. चिंता, निद्रानाश आणि वेदना यांबाबतचा पुरावा याहून पुष्कळच दुबळा आहे. सार्वजनिक भाषणाच्या भीतीवरील एका प्रयोगात ३०० मिलिग्रॅमचा उपयोग झाला, पण १५० चा झाला नाही आणि ६०० चाही झाला नाही. अधिक म्हणजे अधिक गुणकारी, हा हिशेब येथे चालत नाही. शिवाय गुंगी, अतिसार, भूक मंदावणे आणि यकृतावर ताण हे दुष्परिणाम आहेत. व्हॅल्प्रोएट चालू असता यकृताचा धोका वाढतो आणि क्लोबाझामची गुंगी अधिक गडद होते. अपस्माराच्या कित्येक रुग्णांना नेमकी हीच औषधे चालू असतात.

कायदाही शब्दांवरच उभा आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा; शेंड्याविना असलेली पाने व बी त्या व्याख्येबाहेर राहतात. म्हणूनच भांगेचा प्रश्न राज्यांच्या कायद्यांकडे जातो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील ई-१ या अनुसूचीत, आयुर्वेदीय औषधांतील विषारी द्रव्यांत, बी वगळता भांग समाविष्ट आहे. अशा द्रव्याचे पोटात घ्यावयाचे औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर असावी लागते.

आकडी येणाऱ्या मुलाचे आईबाप जेव्हा ‘विजया’च्या बाटलीपुढे उभे असतात, तेव्हा त्यांना ग्रंथाचे प्रमाण सांगितले जाते. ते खोटे असतेच असे नाही. परंतु ते वनस्पतीविषयी असते, द्रव्याविषयी नसते, आणि पुष्कळदा पचनाविषयी असते, अपस्माराविषयी नसते. त्यांनी विचारावयाचे आहे ते दुसरे प्रमाण : बाटलीच्या एका थेंबात कॅनाबिडिऑल किती, नशेचे द्रव्य किती, आणि चालू औषधांशी त्याचे जमते काय. भावप्रकाशकाराने गुणांबरोबर मोह आणि मदही नोंदवून ठेवले होते. त्याचे नाव घेऊन अर्धाच श्लोक पुढे करणे हा त्याच्यावरही अन्याय होय.